देवमाशांचा हिशेब

देवमासा हा मासा नव्हे. तो पिलांना दूध पाजणारा सस्तन प्राणी होय, हे आमच्या बालवाचकांनाही ठाऊक असेल. परंतु त्याच्या रक्षणासाठी राष्ट्रांनी केलेला करार अमलात असतानाच तो कसा संपत आला, ही हकीकत तितकीशी परिचित नाही.

देवमाशाच्या चरबीचे तेल साबण व मार्गारीन तयार करण्यासाठी वापरीत. त्यापायी १९३०-३१ च्या एकाच हंगामात अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात सुमारे २९,००० निळे देवमासे मारण्यात आले. पुढे २ डिसेंबर १९४६ रोजी वॉशिंग्टन येथे पंधरा राष्ट्रांनी करारावर सह्या केल्या. देवमाशांचे जतन आणि शिकारीच्या धंद्याचा सुव्यवस्थित विकास, असे त्याचे दुहेरी उद्दिष्ट होते. त्याच्या अंमलबजावणीसाठी एक आंतरराष्ट्रीय आयोगही स्थापन झाला.

आयोगाने अंटार्क्टिकातील शिकारीला वार्षिक मर्यादा घातली खरी. पण ती 'निळा देवमासा एकक' या मापात. एका निळ्या देवमाशाबरोबर दोन फिन, अडीच हंपबॅक किंवा सहा सेई जातीचे देवमासे धरले जात. हे प्रमाण तेलाच्या उताऱ्यावरून ठरले होते. आरंभी मर्यादा १६,००० एककांची होती. निळ्या देवमाशांसाठी मात्र वेगळी संख्या नेमून दिलेली नव्हती. साहजिकच, एकाच शिकारीत पूर्ण एकक पदरात टाकणारा निळा देवमासा शिकारी प्रथम शोधीत. बेरीज मर्यादेत राही आणि जात मात्र नाहीशी होत जाई. कणगीतील एकूण धान्य तेवढे मोजावे आणि बियाणे कधी संपले याचा पत्ता लागू नये, तशातलाच हा प्रकार!

त्यातच जहाजावरील तपासनीस बहुधा त्याच देशाचा असे. सोव्हिएत जहाजांनी १९४८ ते १९७३ या काळात दक्षिण गोलार्धात २,७१० हंपबॅक मारल्याचे कळविले होते. प्रत्यक्षात तो आकडा ४८,००० हून अधिक होता, हे १९९३ नंतर उघडकीस आले.

तीन शास्त्रज्ञांच्या समितीने १९६३ मध्ये आकडेवारीनिशी धोका दाखवून दिल्यावर आयोगाला जाग आली. निळ्या देवमाशाला त्या दशकाच्या मध्यास संरक्षण मिळाले आणि १९७२ मध्ये ते एकक रद्द झाले. १९७९ मध्ये सेशल्सच्या सूचनेवरून आपला हिंदी महासागर देवमाशांसाठी अभयक्षेत्र ठरला. १९८१ मध्ये भारत आयोगाचा सदस्य झाला. १९८२ मध्ये २५ विरुद्ध ७ मतांनी व्यापारी शिकारीला स्थगिती देण्याचा ठराव संमत झाला व तो १९८५-८६ च्या हंगामापासून लागू झाला.

तथापि, नव्वद दिवसांत हरकत नोंदविणाऱ्या राष्ट्राला असा निर्णय बांधून ठेवीत नाही. नॉर्वेने या तरतुदीचा आधार घेतला. जपानने तर २०१९ मध्ये आयोगच सोडला. तरीही स्थगितीचे फळ दिसू लागले आहे. दक्षिण अटलांटिकच्या पश्चिम भागातील हंपबॅक एके काळी काहीशेच उरले होते. ते आता सुमारे २५,००० झाले आहेत. निळ्यांची वाढ मात्र मंद आहे, कारण त्यांची मादी दोन-तीन वर्षांतून एकच पिलू देते. एका हंगामातील संहार भरून काढण्यास निसर्गाला कित्येक पिढ्या लागतात, हे यापुढे हिशेब मांडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावयास हवे.