डिझाइनचा क्लास लावताय? फी भरण्याआधी हे तीन प्रश्न विचारा

ग्राफिक डिझाइन, व्हिडिओ एडिटिंग शिकलात, तर कामासाठी पुणे गाठलेच पाहिजे असे नाही. बैलगाडा शर्यतींचे व्हिडिओ, जत्रेचे फ्लेक्स, लग्नपत्रिका, नारायणगावातल्या तमाशा फडांच्या जाहिराती... जुन्नर-आंबेगावात काम आहे आणि ते बहुतेक मराठीत आहे. म्हणून क्लासवाल्यांना ‘किती सॉफ्टवेअर शिकवता?’ एवढेच विचारून भागणार नाही.

१. मराठी युनिकोडमध्ये शिकवणार का?
जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये ही अडचण येत नाही. मात्र फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये भारतीय लिपीची सेटिंग नसेल, तर जोडाक्षरे फुटतात. फ्लेक्सवर ग्राहकाचे नावच चुकले, तर तो पुन्हा येणार नाही.

२. क्लास संपल्यावर सॉफ्टवेअर कोणते वापरायचे?
अडोबीने २०१३ पासून फोटोशॉप, प्रीमियरच्या नव्या आवृत्त्यांसाठी फक्त वर्गणीची पद्धत ठेवली. म्हणजे फी भरून झाली तरी खर्च सुरूच. ‘क्रॅक’ कॉपी बेकायदा असते, शिवाय व्हायरसचा धोका. इंकस्केप, गिम्प मोफत आहेत; दा विंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे. क्लासमध्ये यातले एक तरी शिकवायला हवे.

३. शेवटी हातात काय राहील?
फक्त प्रमाणपत्र नको. स्वतः केलेली दहा पोस्टर, तीन-चार व्हिडिओ तरी हवेत. ग्राहक तेच बघतो.

उत्तरे पटली नाहीत, तर घाई नको. आधी मोफत सॉफ्टवेअरवर महिनाभर हात बसवा, मग फी भरा.