पाच लाखांचे कार्ड आणि मेडिकलची चिठ्ठी

आयुष्मान कार्ड हाती पडले म्हणजे आजारपणाची चिंता मिटली, असा समज हिंगोली जिल्ह्यातील आपल्या वस्त्यांमध्ये पसरला आहे. तो दूर करणे आम्हाला आवश्यक वाटते. कारण हे कार्ड खाटेचे आहे, गोळीचे नाही!

राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये सुरू झाली. पहिल्या आठ जिल्ह्यांत शेजारचे नांदेड होते, हिंगोली नव्हते. २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले, २०१८ मध्ये केंद्राची आयुष्मान भारत आली आणि जुलै २०२४ पासून दीड लाखाचे संरक्षण पाच लाखांचे झाले. रक्कम वाढली हे चांगलेच. पण पाच लाख कशाचे, हे कोणी सांगत नाही.

समजा, सेनगाव तालुक्यातील एका शेतमजुराच्या छातीत कळ आली. त्याला नांदेडला नेले, योजनेतील रुग्णालयात अँजिओप्लास्टी झाली. स्टेंट, खाट, तपासण्या, औषधे, जेवण, परतीचे भाडेसुद्धा पॅकेजमध्ये येते. या काळात औषधासाठी पैसे मागितले तर देऊ नका. आरोग्यमित्राला गाठा, १५५३८८ वर तक्रार करा. पण सुट्टी झाल्यावर दहा-पंधरा दिवसांपुरती औषधे मिळतात आणि योजना हात झटकते. रक्त पातळ ठेवण्याची एक गोळी साधारण वर्षभर, दुसरी आणि कोलेस्टेरॉल-बीपीची बहुधा जन्मभर. महिन्याला हजार रुपये धरले तरी वर्षाचे बारा हजार! सोयाबीन निघाले की मजुरी बसते आणि पहिली काटछाट गोळ्यांत होते. स्टेंटमध्ये गाठ झाली की तोच माणूस पुन्हा त्याच खाटेवर. त्या वेळी शासन पुन्हा पूर्ण पॅकेज भरते. गोळीला पैसे नाहीत, दुसऱ्या झटक्याला आहेत, हा कोणता हिशेब?

खाजगी विम्याची कथा वेगळी नाही. आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागते आणि बाह्यरुग्ण औषधांचा खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा जीएसटी माफ झाला. ज्याच्याकडे हप्त्यालाच पैसे नाहीत त्याला त्याचे काय?

बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १९४४ मध्ये, कामगारांच्या आरोग्यविम्याचा अडारकर अहवाल आला आणि पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. त्या योजनेत कामगाराला दाखल न होताही दवाखान्यातून औषध मिळते. म्हणजे गोळीचा विमा या देशात अशक्य नाही. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर बाबासाहेबांनी विमा ही शासनाची मक्तेदारी असावी, अशी मागणी केली होती. शेतमजूर मात्र आजही त्या कामगार विम्याच्या बाहेर आहे, आणि शेतमजूर म्हणजे कोण, हे या पत्राच्या वाचकांना सांगायला नको.

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क आहेत. दीडच महिन्यात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात बालके. औषधटंचाईचा प्रश्न गाजला. हिंगोलीच्या तत्कालीन खासदारांनी अधिष्ठात्यांच्या हाती शौचालय साफ करण्यासाठी झाडू दिला आणि त्यांच्यावर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. औषधाचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला.

कायदा मात्र आपल्या बाजूला आहे. पश्चिम बंगालच्या एका शेतमजुराला सरकारी रुग्णालयांनी परत पाठवले, तेव्हा शेतमजुरांचीच संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ मध्ये न्यायालयाने सांगितले की, वेळेवर उपचार हा कलम २१ चा भाग आहे आणि पैशाची चणचण हे शासनाचे उत्तर होऊ शकत नाही.

तेव्हा आरोग्य केंद्रात औषध नसेल तर 'उपलब्ध नाही' असे चिठ्ठीवर लिहून मागा. बाहेरच्या मेडिकलचे बिल जपून ठेवा. रुग्ण कल्याण समितीत आपला माणूस असेल तर स्थानिक खरेदीचा विषय लावून धरा. आणि प्रत्येक गावच्या जयंती कमिटीने माहिती अधिकारात आपल्या केंद्राच्या औषधसाठा नोंदवहीची प्रत मागावी. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तोही लागत नाही.