मॅथिल्डचे कर्ज आणि आपला निकाल

गी द मोपासाँची 'द नेकलेस' ही कथा ज्यांनी इंग्रजीच्या तासाला वाचली असेल त्यांना तिच्यावरचा ठराविक प्रश्नही आठवत असेल : 'मॅथिल्डचे स्वभावचित्र रेखाटा व कथेचे तात्पर्य लिहा.' उत्तरही ठराविक. मॅथिल्ड ही गर्विष्ठ व हव्यासी स्त्री होती, तिने अंथरूण पाहून पाय पसरले नाहीत, म्हणून तिला दहा वर्षे कष्ट भोगावे लागले. तात्पर्य, आहे त्यात समाधान मानावे. गाईडात हे उत्तर पाऊण पानाचे असते आणि पाठ करायला सोपे जाते. माझी तक्रार एवढीच की हे उत्तर कथेत नाही. कथेत जे आहे ते वाचल्यावर दोषाची सगळी रक्कम एकट्या मॅथिल्डच्या खात्यावर टाकणे कठीण होऊन बसते.

वाङ्मयावर लिहिणे हा कला शाखेचा प्रांत, त्यात वाणिज्यवाल्यांनी लुडबुड करू नये, असे कुणी म्हणेल. पण ज्या कथेत पदोपदी फ्रँक मोजलेले आहेत, तिथे आम्हालाही कोपऱ्यात बसायला जागा असावी!

ही कथा १७ फेब्रुवारी १८८४ रोजी पॅरिसच्या 'ल गोलवा' या दैनिकात छापून आली. मोपासाँने स्वतः आधी नौदल खात्यात आणि मग शिक्षण खात्यात कारकुनी केलेली, त्यामुळे कारकुनाच्या घरातली तंगी त्याला ऐकून माहीत नव्हती. मॅथिल्डचा नवरा लॉइझेल हाही शिक्षण खात्यातलाच कारकून. मंत्र्यांच्या घरच्या समारंभाचे आमंत्रण तो खटपट करून मिळवतो. बायकोला नेसायला चांगले काही नाही म्हणून चारशे फ्रँक देतो. दागिना नाही म्हणून ती आपली श्रीमंत मैत्रीण मादाम फॉरेस्टिए हिच्याकडून हिऱ्यांचा हार मागून आणते. समारंभाहून परतताना हार हरवतो. नवराबायको तशाच दुसऱ्या हाराला छत्तीस हजार फ्रँक मोजून तो परत करतात आणि पुढची दहा वर्षे देणे फेडत राहतात. शेवटी कळते की मूळ हार खोटा होता, फार तर पाचशे फ्रँकांचा.

आता पहिली गोष्ट. ते चारशे फ्रँक कुठून आले? लॉइझेलने ते बंदूक घ्यायला साठवले होते. उन्हाळ्यात रविवारी मित्रांबरोबर नांतेरच्या माळावर पक्षी मारायला जायचा त्याचा बेत होता. कारकुनाने चारशे फ्रँकांची बंदूक घ्यावी, तीही चंडोल मारायला! पण कुठल्याही गाईडात लॉइझेल हव्यासी ठरत नाही. त्याचा तो छंद, आणि तेवढ्याच पैशांचा बायकोचा पोशाख तो मात्र हव्यास. वर्गात हा धडा चालू असतो तेव्हा 'आहे त्यात समाधान' या शब्दांशी सर्वांच्या नजरा मुलींच्या बाकांकडे का वळतात, हे मला तेव्हापासून समजू लागले. मॅथिल्ड निर्दोष आहे असे मी म्हणत नाही. घरातल्या जुन्या खुर्च्या आणि कळकट भिंती पाहून ती रात्रंदिवस कुढते, आणि श्रीमंत मैत्रिणीकडे जाणे टाळते, कारण परत आल्यावर तिला रडू येते. हे काही सद्गुण नव्हेत. पण ज्या चुकीमुळे दहा वर्षे गेली ती चूक हार मागण्याची नव्हे. ती हार हरवल्यानंतरच्या आठवड्यात झाली आणि ती दोघांची होती.

हार हरवल्याचे लक्षात आल्यावर लॉइझेल सकाळपर्यंत रस्ते धुंडाळतो, पोलिसांत जातो, वर्तमानपत्रात बक्षीस जाहीर करतो, गाडीवाल्यांकडे चौकशी करतो. एवढे सगळे करणारा हा मनुष्य पुढे काय सुचवतो? मैत्रिणीला पत्र लिही की हाराची कडी तुटली आहे, दुरुस्तीला टाकला आहे. तो मजकूर सांगतो आणि ती लिहिते. इथे खोटेपणाची पहिली नोंद पडते आणि ती नवऱ्याने सांगून पडते. ज्या दिवशी हार हरवला त्या दिवशी ते मैत्रिणीच्या दारात गेले असते तर फार तर पाचशे फ्रँकांचा प्रश्न होता. म्हणजे एका पोशाखाहून थोडे अधिक. ते खऱ्याला मुकले आणि बहात्तर पट रक्कम देऊन बसले.

कथेतली मला सर्वात आवडणारी जागा मात्र फार लोकांच्या ध्यानात येत नाही. रिकामी डबी घेऊन ती दोघे, डबीत ज्याचे नाव होते त्या जवाहिऱ्याकडे जातात. जवाहिऱ्या आपल्या चोपड्या पाहतो आणि सांगतो की हा हार माझ्याकडून विकला गेलेला नाही, मी फक्त डबी पुरवली असावी. झाले! सबंध कथेचे उत्तर त्या चोपडीत होते. हार एकीकडचा आणि डबी दुसरीकडची, ही गोष्ट पाहून कुठलाही हिशेबनीस थबकला असता. पण ती दोघे थबकत नाहीत. ती तशीच दुसऱ्या दुकानात, तिसऱ्या दुकानात जातात आणि पाले रॉयालच्या एका दुकानात आठवणीतल्या हारासारखा हार शोधून काढतात. मागितलेली किंमत चाळीस हजार, सौदा छत्तीस हजारांना. इतक्या घाबरलेल्या अवस्थेतही एक अट मात्र ती घालून घेतात : फेब्रुवारी संपायच्या आत मूळ हार सापडला तर हा हार चौतीस हजारांना परत घ्यायचा. व्यवहार पक्का करण्याची बुद्धी होती. विचारण्याची छाती नव्हती.

मोपासाँने हा पुरावा लपवलेला नाही. भर दुपारी दुकानाच्या फळीवर ठेवला आहे. आपण तो पाहत नाही, कारण आपणही मॅथिल्डप्रमाणे डबी पाहून आतला माल ठरवलेला असतो.

छत्तीस हजारांपैकी अठरा हजार लॉइझेलला बापाकडून आलेले होते. उरलेले अठरा हजार त्याने कर्जाऊ काढले. कुणाकडून हजार, कुणाकडून पाचशे, काही ठिकाणी तर नुसत्या चार-पाच सोन्याच्या नाण्यांसाठी हात पसरला. वचनचिठ्ठ्या लिहून दिल्या, सावकारांशी गाठ घातली, फेडता येईल की नाही हे ठाऊक नसताना सह्या केल्या. मग मोलकरीण गेली, घर बदलले, माळ्यावरची खोली घेतली. मॅथिल्ड भांडी घासू लागली, पाणी वर चढवू लागली, बाजारात एका एका सूसाठी घासाघीस करू लागली. लॉइझेल संध्याकाळी एका व्यापाऱ्याचे हिशेब लिही आणि रात्री पानाला पाच सू या दराने नकला करी.

इथे मी वहीच्या मागच्या पानावर थोडी आकडेमोड केली. वीस सूंचा एक फ्रँक, म्हणजे चार पाने लिहिली की एक फ्रँक. अठरा हजार फ्रँकांना बहात्तर हजार पाने. दहा वर्षांचे एकशेवीस महिने धरले तर महिन्याला दीडशे फ्रँक, म्हणजे सहाशे पाने. रोज रात्री वीस पाने, एकही रात्र न चुकवता, आणि तेसुद्धा व्याज शून्य धरून. व्याज तर चक्रवाढ होते. अर्थात नकलांखेरीज इतर मिळकत होतीच, सगळे कर्ज काही नकलांवर फिटले नाही. तरी वीस पाने हा आकडा मनात धरून पाहा. परीक्षेत तीन तासांत वीस पाने लिहिताना आपली बोटे काय म्हणतात ते आपल्याला ठाऊक आहे.

त्या दोघांनी हे सारे फेडले. शेवटच्या सूपर्यंत. कर्ज बुडवून पळणे शक्य होते, मैत्रिणीला तोंड न दाखवणे शक्य होते. ज्या बाईला गाईड 'गर्विष्ठ' म्हणून निकालात काढते तिनेच एका दिवसात निर्धार केला आणि तो दहा वर्षे पाळला. मोपासाँ इथे तिच्या निर्धाराला चक्क शौर्य म्हणतो. परीक्षेच्या उत्तरात हे शौर्य कुठे जाते कुणास ठाऊक!

मराठीत 'उसने' आणि 'कर्ज' हे दोन वेगळे शब्द आहेत. कन्नडमध्येही 'कैगड' वेगळे आणि 'साल' वेगळे. आपले 'हातउसने' आणि त्यांचे 'कैगड', दोन्हींत हात आहे. एका हाताने दिले, त्याच हाताला परत केले, मध्ये कागद नाही, व्याज नाही. मॅथिल्डने हार उसना घेतला होता. उसनवारीची गोष्ट बोलून मिटते. ती बोलली नाही म्हणून उसन्याचे कर्ज झाले. आपल्या भागात लग्नसराईत मागून आणलेला दागिना घालणे काही नवे नाही. जावेचा चपलाहार, मावशीचे तोडे, असे चालतेच. पण देणारी बाई बहुधा डबी उघडतानाच सांगून टाकते की हे खरे आहे, जपून घाल. किंवा हे बेन्टेक्सचे आहे, पण उठून दिसते. मादाम फॉरेस्टिए तसे काही बोलली नाही.

मग दोष तिचा का? इथे मला आमचे व्यापारी कायद्याचे पुस्तक आठवले. हा आपला, भारतीय करार कायदा, १८७२. तो पॅरिसला लागू नाही हे मान्य. पण विचार करायला उपयोगी पडतो. एखादी वस्तू वापरून परत करण्यासाठी दुसऱ्याच्या हवाली करणे याला त्यात निक्षेप म्हटले आहे. कलम १५० प्रमाणे देणाऱ्याने वस्तूतील असा दोष सांगितला पाहिजे की ज्यामुळे वापरात अडचण येईल किंवा घेणाऱ्याला विशेष धोका संभवेल. खोटा हार गळ्यात घालण्यात कसलीच अडचण नव्हती. उलट त्या रात्री सगळे मॅथिल्डकडेच पाहत होते. तेव्हा मादाम फॉरेस्टिए त्या कलमात सापडत नाही. घेणाऱ्याचे कर्तव्य कलम १५१ मध्ये आहे : सामान्य समंजस माणूस स्वतःची तशीच वस्तू जितकी जपेल तितके जपणे. तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल तर वस्तू हरवल्याची जबाबदारी कलम १५२ घेणाऱ्यावर टाकत नाही. मॅथिल्डने काळजी घेतली की नाही यावर वाद होऊ शकेल. फरकोट घातलेल्या बायकांपुढे आपली साधी शाल दिसू नये म्हणून ती पहाटे चारच्या सुमारास जिना उतरून पळत सुटते, आणि हार बहुधा तेव्हा किंवा गाडीत पडतो. लाज वाटून पळणे ही निष्काळजी म्हणायची का?

पण खरे कलम पुढेच आहे. कलम ७२ सांगते की चुकीने दिलेले पैसे किंवा वस्तू ज्याला मिळाली त्याने ती परत केली पाहिजे. दहा वर्षे मादाम फॉरेस्टिएच्या कपाटात छत्तीस हजारांचा हार पडून आहे आणि तिला त्याची खबरही नाही. हार परत आला तेव्हा, उशिरा आणलास म्हणून ती थोडी रागावली होती. डबी काही उघडून पाहिली नाही.

आणि आता शेवटचा प्रसंग नीट वाचा. शाँझेलिझेवर रविवारी दोघी भेटतात. एक अजून तरुण, सुंदर. दुसरी इतकी बदललेली की ओळख पटत नाही. मॅथिल्ड सगळे सांगते, अभिमानाने आणि भाबड्या आनंदाने. ते ऐकल्याक्षणी मादाम फॉरेस्टिएला कळले आहे की आपल्याकडे खऱ्या हिऱ्यांचा हार आहे. ती गप्प राहिली असती तर? जगात कुणालाही कळले नसते. ती मैत्रिणीचे दोन्ही हात हातात घेते आणि खरे सांगते. दहा वर्षांपूर्वी मॅथिल्डला जे जमले नाही ते ती, स्वतःचे नुकसान होणार हे उघड असताना, एका दमात करते. या कथेचा धक्का आपल्याला इतका बसतो की हा धक्का देणारीने काय केले इकडे लक्षच जात नाही. एका वाक्यात निकाल द्यायची सवय लागली की अशा गोष्टी सुटतात. आपल्या परीक्षांनी ती सवय चांगली मुरवली आहे, आणि ती कथांपुरती राहत नाही. कुणाच्या घरी जप्ती आली, कुणाची ठेव बुडाली, की 'त्याला झेपत नव्हते तर कशाला?' हे वाक्य आपल्या तोंडावर तयार असते.

याच मोपासाँची 'दागिने' नावाची दुसरी एक कथा १८८३ ची आहे. तिथेही एक कारकून आहे, पण गोष्ट उलटी : मेलेल्या बायकोचे खोटे समजलेले दागिने खरे निघतात. ते कुठून आले असतील हे त्याला उमगते, तरी तो पैसे घेतो आणि नोकरी सोडून देतो. दोन्ही कथा एकापाठोपाठ वाचाव्यात, म्हणजे खऱ्याखोट्याबद्दल मोपासाँ तात्पर्य सांगायला बसलेला नाही हे समजेल.

माझे म्हणणे आमच्या इंग्रजीच्या अध्यापकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, परीक्षेत गाईडातले लिही आणि मासिकात तुझे लिही. सल्ला व्यवहाराचा होता, म्हणून हा लेख. पण प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. स्वभावचित्राऐवजी एकदा असे विचारा : 'दुसऱ्या दिवशी मादाम फॉरेस्टिएने काय करावे?'

आम्ही पाचसहा जणींनी, त्यात दोघी कन्नड विभागातल्या, हा प्रश्न मधल्या सुट्टीत सोडवून पाहिला. एकीने हार परत आणि मॅथिल्डकडून पाचशे फ्रँक वजा, असा सरळ ताळेबंद मांडला. दुसरीने विचारले, व्याज कुणाच्या नावे टाकायचे? सावकारांनी घेतलेले व्याज मादाम फॉरेस्टिएने का द्यावे, तिने कुठे मागितले होते? आणि दहा वर्षांचे पाणी चढवणे, त्याचा दर काय? तिथे सगळ्याच अडल्या. मग तिसरी म्हणाली, ते राहू दे, हार हातात पडला तर मॅथिल्ड तो विकेल की घालेल? यावर मते फुटली ती अजून फुटलेलीच आहेत. माझे मत असे की ती विकेल. पण विकण्याआधी एकदा गळ्यात घालून आरशात पाहील, आणि तिने तसे पाहिले तर मी तरी तिला नावे ठेवणार नाही.