निवडलेला आणि घडलेला

आमचे एक वृद्ध स्नेही अमेरिकेंत जॉर्जिया संस्थानांतील अटलांटा शहरीं आपल्या धाकट्या चिरंजिवांकडे चार महिने राहून नुकतेच परतले. प्रवासाची हकीकत ऐकावी म्हणून आम्ही त्यांच्याकडे गेलों, तों त्यांनीं इतर कांहींएक न सांगतां एकदम नातवाची तक्रार सुरू केली. नातू बारा वर्षांचा, शाळेंत हुशार. पण शनिवार उजाडला कीं विद्यापीठांचे फुटबॉलचे सामने पाहत बसतो, आणि इतर दिवशीं कोणत्या मुलाला किती ‘तारे’ मिळाले याच्या याद्या पाठ करतो. “अहो, सतरा वर्षांच्या पोरांना हॉटेलांप्रमाणें तारे लावतात! हा मुलगा पांच ताऱ्यांचा, तो तीन ताऱ्यांचा! ही काय रीत झाली?” असा त्यांचा सवाल होता. प्रश्न परक्या देशांतील खेळाचा खरा. पण ज्या घरांत वाढतीं मुलें आहेत अशा प्रत्येक घरानें त्याचा विचार करावा, असें वाटल्यावरून या महिन्यांत आम्हीं तोच हातीं घेतला आहे.

प्रथम खेळाविषयीं दोन शब्द. अमेरिकन फुटबॉल हा नांवाला पायांचा, पण वस्तुतः हातांचा खेळ आहे. दोन्ही बाजूंस अकरा-अकरा गडी. चेंडू लांबट व दोन्ही टोकांस निमुळता. आणि चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड जमीन पुढें जिंकावयाची, हा मुख्य नियम. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं चेंडू बहुधा ज्याच्या हातीं येतो, तो क्वार्टरबॅक. समोरून धिप्पाड गडी अंगावर धावून येत असतांना त्याला दोन-तीन सेकंदांत प्रतिपक्षाची मांडणी ओळखून, चेंडू कोणाकडे फेकावा, कोणाच्या हातीं द्यावा, कीं स्वतःच घेऊन पळावें, हें ठरवावें लागतें. चेंडू झेलणारे तीन-चार गडी एकाच वेळीं खेळूं शकतात, वाट अडवून धरणारे पांच असतात. क्वार्टरबॅक मात्र एकच. एखाद्या विद्यापीठानें चार उत्तम क्वार्टरबॅक मिळविले, तर तिघांनीं कडेला उभें राहून टाळ्या वाजवावयाच्या. आमच्या आजच्या विषयाचें सारें मर्म या एका आंकड्यांत आहे.

हे मुलगे मिळविण्याची रीत पाहिली म्हणजे आपल्याकडील सोयरिकीची आठवण होते. मोठमोठे प्रशिक्षक मुलाच्या घरीं जाऊन दिवाणखान्यांत बसतात, आईच्या हातच्या स्वयंपाकाची वाखाणणी करतात, आणि ‘तुमचा मुलगा आमच्याकडे सुखांत राहील’ अशी ग्वाही देतात. मुलगाहि चार ठिकाणें पाहून येतो. अखेर डिसेंबरांत किंवा फेब्रुवारींत नेमल्या दिवशीं सही होते, आणि कोणत्या विद्यापीठानें किती चांगलीं ‘स्थळें’ साधलीं याचे कोष्टक दुसऱ्या दिवशीं प्रसिद्ध होतें.

हें कोष्टक ताऱ्यांवरून मांडतात. देशभरच्या शाळांतील सामने व शिबिरें पाहून मुलांना दोनपासून पांचपर्यंत तारे देणें हा तेथें कांहीं खासगी संस्थांचा धंदाच आहे. सर्व जागा मिळून पांच ताऱ्यांचीं मुलें साऱ्या देशांत वर्षाला सुमारें तीस. हे तारे निव्वळ थोतांड आहेत, असें आमच्या स्नेह्यांचें मत. आम्हांस तें मान्य नाहीं. ज्यांच्याकडे चार व पांच ताऱ्यांचे खेळाडू अधिक, तींच विद्यापीठें बहुधा अखेरच्या सामन्यांपर्यंत पोंचतात. जॉर्जियांतलाच ट्रेव्हर लॉरेन्स हा क्वार्टरबॅक पांच तारे घेऊन २०१८ सालीं क्लेमसन विद्यापीठांत गेला, आणि पहिल्याच वर्षीं त्यानें त्यांस राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलें. तेव्हां तारे देणारे आंधळे नाहींत. परंतु शंभर मुलांच्या समुदायाविषयीं जें खरें, तें त्यांतील एकट्या मुलाविषयीं खरें असतेंच असें नाहीं. आणि क्वार्टरबॅकची जागा तर एकट्याची!

याचें उत्तम उदाहरण खुद्द जॉर्जिया विद्यापीठाचें आहे. २०१६ च्या हंगामापासून कर्बी स्मार्ट हे तेथील मुख्य प्रशिक्षक. त्या सालीं जेकब ईसन हा पांच ताऱ्यांचा मुलगा दूर वॉशिंग्टन संस्थानांतून आला व लगेच खेळूं लागला. २०१७ च्या पहिल्याच सामन्यांत त्याचा गुडघा दुखावला. जागा त्याच वर्षीं आलेल्या जेक फ्रॉमला मिळाली, आणि त्यानें संघ जानेवारी २०१८ च्या राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेला. ईसन दुसरीकडे गेला. मग जस्टिन फील्ड्स आला. हा अटलांट्याजवळचाच मुलगा, आपल्या वर्षींच्या देशांतील अग्रगण्य मुलांत गणलेला. पण फ्रॉमची जागा अढळ होती. एक वर्ष बहुतेक बसून काढल्यावर फील्ड्स ओहायो स्टेट विद्यापीठांत गेला आणि तेथें चमकला. तीन वर्षांत तीन नामांकित मुलगे! भरतीच्या वहींत यापेक्षां सुंदर जमा कोणती असणार?

या सर्वांच्या मागें एक मुलगा होता. स्टेटसन बेनेट हा जॉर्जियांतील ब्लॅकशियर या लहान गांवचा; उंची जेमतेम पांच फूट अकरा इंच, म्हणजे त्या जागेला तोकडी. २०१७ सालीं तो शिष्यवृत्तीवांचून, आपण होऊन संघांत दाखल झाला. अशा मुलाला तेथें ‘वॉक-ऑन’ म्हणतात. आपल्या जुन्या घरांतून वार लावून जेवणारा विद्यार्थी असे, तशांतलाच हा प्रकार: पंक्तींत बसावयाचें, पण पान शेवटचें. सरावांत प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकची नक्कल करावी, म्हणजे आपल्या गड्यांस तालीम मिळते, एवढेंच त्याचें काम. फील्ड्स आल्यावर बेनेट मिसिसिपीमधील एका लहानशा कॉलेजांत निघून गेला, तेथें एक वर्ष खेळला, आणि २०१९ सालीं परत आला. या वेळीं शिष्यवृत्ती मिळाली, जागा नव्हे. २०२० सालीं कांहीं सामने वांट्यास आले, मग पुन्हां दुसऱ्याची वर्णी लागली. २०२१ सालीं तो दुसरा दुखावला म्हणून पुन्हां याला बोलावणें आलें. डिसेंबरांत ॲलाबामा विद्यापीठानें ४१–२४ असा पराभव केला, तेव्हां ‘याला काढा’ असा ओरडा झाला. स्मार्ट यांनीं काढला नाहीं.

१० जानेवारी २०२२ रोजीं अंतिम सामन्यांत गांठ पुन्हां ॲलाबामाशींच पडली. खेळाच्या शेवटच्या चतुर्थांशांत बेनेटच्या हातून चेंडू निसटला, आणि त्याचा फायदा घेऊन ॲलाबामानें १८–१३ अशी आघाडी मिळविली. एवढ्या चुकीनंतर कोणाचाहि हात कांपावा. पण बेनेटनें लगेच चाळीस यार्डांची फेक करून आघाडी परत आणली, पाठोपाठ आणखी एक यशस्वी फेक केली, आणि जॉर्जियानें सामना ३३–१८ असा जिंकला. १९८० च्या हंगामानंतरचें हें त्यांचें पहिलें राष्ट्रीय विजेतेपद. पुढील वर्षीं त्याच बेनेटच्या हातून टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाचा ६५–७ असा धुव्वा उडाला.

आतां कोणी म्हणेल, कीं हा अपवाद आहे. तर ओक्लाहोमा विद्यापीठाचें पाहावें. महाविद्यालयीन खेळाडूंस मिळणारें सर्वांत मोठें पारितोषिक हाइझमन. तें २०१७ सालीं ओक्लाहोमाच्या बेकर मेफील्डला व २०१८ सालीं कायलर मरेला मिळालें. २०१९ सालीं जेलन हर्ट्स दुसरा आला. या तिघांपैकीं एकहि शाळेंतून सरळ ओक्लाहोमांत आलेला नव्हता! मेफील्ड तर दोन विद्यापीठांत बिनशिष्यवृत्तीचा म्हणून शिरला. हर्ट्स ॲलाबामाचा, जानेवारी २०१८ च्या अंतिम सामन्यांत संघ ०–१३ असा मागें असतांना मध्यंतरांत त्याला बसविण्यांत आलें, त्याच्या जागीं आलेल्या नवख्या टुआ टागोवायलोआनें सामना जिंकला, आणि पुढील वर्षभर हर्ट्स त्याच्या हाताखालीं राहिला. त्या वर्षाच्या डिसेंबरांत टुआ दुखावला, तेव्हां याच हर्ट्सनें आंत येऊन जॉर्जियाला हरविलें. मग पदवी घेऊन तो ओक्लाहोमांत गेला. फेब्रुवारी २०२५ मध्यें धंदेवाईक संघांच्या सर्वोच्च सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचा मान त्याला मिळाला. हे तिघे भरतीच्या वहींत कोणत्या खात्यावर मांडावे?

ताऱ्यांची चूक होते ती येथें. खांद्याचा जोर, उंची व धांव हीं मोजतां येतात. शिबिरांत चेंडू फेकून दाखवितांना अंगावर येणारा कोणी नसतो. संकट अंगावर येत असतां नजर न ढळूं देणें, आणि चूक झाल्यावर पुढची फेक तितक्याच धीरानें करणें, हें मोजण्याची फूटपट्टी निघालेली नाहीं. शिवाय जो बसून राहतो त्याची परीक्षाच होत नाहीं. त्यामुळें तो नालायक होता, कीं त्याला संधि मिळाली नाहीं, हें कायमचें अज्ञात राहतें.

खेळलेल्यांची तुलना तरी सोपी आहे काय? महाविद्यालयीन क्वार्टरबॅकचे गुण काढण्याचें एक सूत्र आहे. फेकींनीं मिळविलेल्या यार्डांस ८.४ नें, गुण मिळवून देणाऱ्या फेकींस ३३० नें व झेलल्या गेलेल्या फेकींस १०० नें गुणून बेरीज करावी. प्रतिपक्षानें पळविलेल्या प्रत्येक फेकीमागें २०० वजा करावे. आणि एकूण फेकींनीं भागावें. लुइझियाना स्टेट विद्यापीठाच्या जो बरोचे या रीतीनें २०१८ सालीं सुमारें १३३ गुण झाले, तर २०१९ सालीं २०२! माणूस तोच, हात तोच. हा बरो ओहायो स्टेटमध्यें तीन वर्षें राहिला व जागा मिळेना म्हणून निघून आलेला. एका वर्षांत झालें तें असें कीं, फेकींचा नवा डाव शिकविणारे गुरु आले, झेलणारे सोबती तयार झाले, आणि स्वतः बरोचा जम बसला. त्या वर्षीं संघ एकहि सामना हरला नाहीं. तेव्हां सूत्रानें जे मोजले ते एकट्याचे गुण नव्हत. सबंध घराचे होते.

अलीकडे तेथील व्यवहार पुष्कळ बदलला आहे. २०१८ सालीं विद्यापीठ बदलूं इच्छिणाऱ्यांची उघड नोंदवही सुरू झाली. २०२१ पासून एकदां विद्यापीठ बदलतांना वर्षभर बसण्याची अट गेली, आणि त्याच वर्षीं खेळाडूंस स्वतःच्या नांवावर जाहिरातींचे पैसे घेण्याची मुभा मिळाली. २०२५ पासून विद्यापीठें त्यांस उत्पन्नांतून सरळ वांटाहि देऊं लागलीं. यांत मुलांचा फायदा आहे, तो आम्ही नाकारीत नाहीं. खेळावरचें उत्पन्न इतरांनीं घ्यावें आणि हाडें मोडून घेणारानें हात हलवीत परत जावें, हें न्यायाचें नव्हतें. परंतु दार सदा उघडें असलें म्हणजे बसून शिकण्याचा धीर कमी होतो, आणि गुरूलाहि घडविण्यापेक्षां घडलेला आणणें सोपें वाटूं लागतें. फील्ड्स गेला तें योग्यच. बेनेट परतला तेंहि योग्यच. कोणी जावें व कोणी राहावें याचा एक नियम नाहीं. पण संस्थेची पारख करावयाची तर तिनें किती तारे गोळा केले एवढ्यावरून करूं नये. कडेला उभ्या असलेल्या मुलाला तेथें कांहीं शिकावयास मिळतें काय, आणि निघून गेलेल्याला परत येतां येतें काय, हेहि दोन प्रश्न विचारावे.

हें सारें आम्हीं स्नेह्यांस सांगितलें. नातवाच्या याद्या हिसकावून घेऊं नका. उलट त्याला एक वही द्या, असें सुचविलें. दरवर्षीं पांच ताऱ्यांच्या क्वार्टरबॅकचीं नांवें त्यानें तींत उतरावीं, आणि चार वर्षांनीं प्रत्येकासमोर काय झालें तें लिहावें. ताऱ्यांची किंमत आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी त्याला न शिकवितां कळतील.

स्नेह्यांस ही युक्ति पसंत पडली. मग मात्र ते कांहीं वेळ स्तब्ध बसले. आम्हांसहि एक जुनी गोष्ट आठवली होती, पण ती आम्हीं बोलून दाखविली नाहीं. ज्या चिरंजिवांच्या घरीं ते चार महिने सुखानें राहून आले, त्यांना दहावीच्या परीक्षेंत थोरल्या भावापेक्षां पुष्कळच कमी गुण मिळाले होते, आणि त्या दिवशीं आमच्याच ओटीवर बसून, मुलाला ऐकूं जाईल अशा आवाजांत, स्नेही म्हणाले होते, “थोरल्याची मला काळजी नाहीं. याच्याकडून कांहीं आशा नाहीं.” निघतांना ते आम्हांस म्हणाले, “एक वही मीहि घ्यावी म्हणतों.” त्यांना काय आठवलें होतें, तें आम्हीं विचारलें नाहीं.