एक अल्बम सलग ऐकून बघा

ब्लॅक मेटल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना काळे-पांढरे रंगवलेले चेहरे आठवतात आणि कानठळ्या बसवणारा गोंगाट आठवतो. मी या संगीतातला जाणकार नाही. वाद्य वाजवत नाही, जुन्या कॅसेटी जमवत नाही. आवडीने ऐकणारा साधा श्रोता आहे. तरीही तुमच्याकडे एक मागणं आहे. या संगीताबद्दल मत ठरवण्याआधी एक अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐका. एखादं गाणं नाही, अख्खा अल्बम.

कारण सुट्या गाण्यात हे संगीत हाताला लागत नाही. पहिली काही मिनिटं कानाला फक्त खरखर आणि किंचाळणं जाणवतं. मग कान सरावतो आणि त्या खरखरीच्या आत गिटारची एक धून फिरते आहे हे कळू लागतं. विलंबित ख्यालाला बसलेला श्रोता पाचव्या मिनिटाला उठून जात नाही. राग उलगडायला वेळ लागतो हे त्याला माहीत असतं. तेवढाच धीर इथेही धरायचा.

डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडचा १९९४ सालचा ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ घ्या. फेनरिझने सगळी वाद्यं एकट्याने वाजवून घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर ध्वनिमुद्रित केली. आवाज नॉक्टर्नो कुल्टोचा. ड्रमचा ठेका जवळजवळ बदलतच नाही. गिटारच्या तारेवर तोच सूर इतक्या जलद छेडला जातो की सुटे आघात ऐकू न येता एक अखंड पट्टा ऐकू येतो. त्यामुळे त्या पट्ट्यातला एखादा सूर जरासा खाली उतरला तरी आपण दचकतो. हा ओबडधोबडपणा पैशांअभावी आलेला नाही. याच बँडने आधी चांगल्या स्टुडिओत घोटीव डेथ मेटल वाजवलं होतं. ते सोडून त्यांनी ही खरखर निवडली.

पण सुरुवात तिथून करू नका. सुरुवात उल्व्हर या बँडच्या ‘बेर्गतात’पासून करा. १९९५ सालचा हा अल्बम जेमतेम पस्तीस मिनिटांचा, पाच भागांचा. डोंगराच्या पोटात ओढल्या गेलेल्या एका मुलीची लोककथा त्यात आहे. गायक गार्म तेव्हा विशीतही नव्हता. तो प्रार्थनेसारखा संथ, अनेक पट्ट्यांत गातो, खाली साधी गिटार वाजते, आणि मग अचानक ड्रमचं वादळ उठतं. तिसऱ्या भागात बाकीची सगळी वाद्यं थांबतात. उरतात पियानोचे थोडे सूर, आणि जंगलातून धावणाऱ्या पावलांखाली मोडणाऱ्या काटक्यांचा आवाज. एक शब्दही न कळता भीती पोचते. हा भाग हेडफोन लावून, रात्री, मध्यम आवाजात ऐका. मोठ्या आवाजाची अजिबात गरज नाही.

ते आवडलं तर एम्परर या बँडचा ‘इन द नाइटसाइड एक्लिप्स’ ऐका. तो १९९३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गेनच्या ग्रीगहालेनमध्ये ध्वनिमुद्रित झाला. एडवर्ड ग्रीग या संगीतकाराच्या नावाची ही वास्तू शहराच्या सिंफनी ऑर्केस्ट्राचं घर आहे. गायक-गिटारवादक इसान तेव्हा सतरा वर्षांचा होता. कीबोर्डचे सूर गिटारमागे दाट धुक्यासारखे पसरलेले आहेत, आणि ते वेगळे ऐकू यायला दोन-तीनदा ऐकावं लागतं.

आता जे सांगणं भाग आहे ते. या संगीताच्या आसपास गुन्हे घडले आहेत. १९९२ मध्ये बर्गेनजवळचं फँटॉफ्टचं मध्ययुगीन लाकडी चर्च जाळण्यात आलं. पुढच्या वर्षी बुर्झुम या बँडच्या व्हार्ग विकेर्नेसने मेहेम या बँडचा गिटारवादक युरोनिमस याचा चाकूने खून केला. त्याला एकवीस वर्षांची शिक्षा झाली. मेहेमचा ‘दे मिस्तेरीस दोम साथानास’ १९९४ मध्ये बाहेर आला तेव्हा त्यात गिटार मेलेल्याची होती आणि बेस मारणाऱ्याचा. युरोनिमसच्या आईवडिलांनी तो बेस काढून टाकायला सांगितलं होतं. तो काढला गेला नाही. ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’च्या पहिल्या आवृत्तीच्या मागच्या बाजूला वंशश्रेष्ठत्वाची ओळ होती, पुढे ती काढली गेली.

हे सगळं माहीत असूनच ऐका. खून, जाळपोळ यांच्या कहाण्या रंगवून सांगणाऱ्यांच्या नादी लागू नका. त्यात माणूस मेला आहे, आणि संगीत त्यामुळे तसूभरही चांगलं झालेलं नाही. द्वेष पसरवणाऱ्याला आपला पैसा जाऊ नये याचीही काळजी घ्या. विकेर्नेसचे अल्बम मी विकत घेत नाही. चांगलं इतकं पडलं आहे की काही अडत नाही.

घरात एखादा मुलगा किंवा मुलगी हे ऐकत असेल तर त्या आईबाबांना वेगळं सांगतो. टीशर्टवरची कवटी बघून घाबरू नका, हेडफोन हिसकावू नका. “तुझा आवडता अल्बम मला लावून दे,” म्हणा आणि शेजारी बसून पूर्ण ऐका. नावडला तर नावडला म्हणा, पण काय आवडतं ते विचारा. गाण्यात चीड असेल, एकटेपणा असेल, थंडी आणि जंगलाचं वेड असेल. आणि एखादा बँड खरोखरच वंशद्वेषी निघाला तर तेव्हा तुमच्या बोलण्याला किंमत असेल, कारण तुम्ही ऐकलेलं असेल.

आपल्या जवळचंही ऐका. मुंबईत २००० साली सुरू झालेल्या डीमॉनिक रिझरेक्शनचा ‘दशावतार’ हा २०१७ चा अल्बम विष्णूच्या दहा अवतारांवर रचलेला आहे. ब्लॅक आणि डेथ मेटलच्या सीमेवरचं हे संगीत आहे, आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंतची कथा आपल्याला पाठ असल्यामुळे वाट चुकत नाही. आपल्याकडचे बँड बहुधा नोकरी सांभाळून वाजवतात. फुकट पास मागू नका, तिकीट काढून जा. अल्बम आवडला तर पैसे देऊन घ्या.