चूक वाचणार कोण?

पीण्याच्या कारखान्यांतून काम करणाऱ्या कोणत्याही कामगाराला ‘गो-नोगो गेज’ म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. तयार झालेला भाग त्याच्या मापात बसला तर माल चांगला, न बसला तर बाद. तो भाग बिघडला का, हत्यार झिजले की लेथची मांडणी हलली, याचे उत्तर गेजपाशी नसते. त्यासाठी सेटरला बोलवावे लागते. गेजची संख्या वाढवून बाद माल कमी करू पाहणाऱ्या मालकाला तेथला उमेदवार पोरगाही हसेल. परंतु कारखान्यामागच्या शाळेला जेव्हा दहा संगणक भेट मिळतात, आणि त्यांतील सॉफ्टवेअरमुळे मागे पडलेल्या मुलांचे स्पेलिंग व शुद्धलेखन आपोआप सुधारेल असे समारंभपूर्वक सांगण्यात येते, तेव्हा मात्र कोणी हसत नाही. या भाबड्या समजुतीचा समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

अशा देणग्यांचा ओघ कोठून येतो हे उघड आहे. 2013 च्या कंपनी कायद्यातील कलम 135 अन्वये, 1 एप्रिल 2014 पासून, ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्चावे लागतात. शिक्षण हे त्यातले एक मान्य कार्य होय. संगणक विकत घेणे हा या खर्चाचा सर्वांत सोयीचा मार्ग. पावती मिळते, छायाचित्र निघते, अहवालात आकडा पडतो. मुलापाशी बसून त्याची वही पाहणाऱ्या माणसाचे छायाचित्र तितकेसे उठावदार येत नाही.

आता ते मूल कोण, हे पाहू. पीण्या औद्योगिक क्षेत्राच्या आसपास दासरहळ्ळी, लग्गेरे, हेगनहळ्ळी, राजगोपालनगर अशा वस्त्यांतून कामगारांची कुटुंबे राहतात. कोणी बिहार-ओरिसातून आलेले, कोणी उत्तर कर्नाटकातून. आणि त्यांतच बेळगाव, निपाणी, बिदर या बाजूंची मराठी बोलणारी कुटुंबेही आहेत. अशा घरातले मूल आईशी मराठी बोलते, गल्लीत कन्नड बोलते. 2015 च्या कायद्याने राज्यातील शाळांतून कन्नड शिकणे आवश्यक झाले, आणि ते योग्यच आहे. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिक शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकांचा ठरविल्यापासून इंग्रजी माध्यमाची वाटही मोकळी आहे. तेव्हा सात-आठ वर्षांच्या या जीवापुढे दोन लिप्या आणि तीन भाषा एकाच वेळी उभ्या ठाकतात.

हे मूल चुकते. पण कसे चुकते, यातच सारे मर्म आहे. कन्नडमध्ये ‘ए’ आणि ‘ओ’ यांचे ऱ्हस्व-दीर्घ असे दोन प्रकार आहेत. मराठीत तो भेद नाही. तळ्याला कन्नडात ‘केरे’ म्हणतात, आणि त्यातले दोन्ही ‘ए’ ऱ्हस्व आहेत. मराठी कानाचे मूल तेथे बेधडक दीर्घ स्वराचे चिन्ह देते. गावाला कन्नड शब्द ‘ऊरु’, पाण्याला ‘नीरु’. शेवटचा उकार ऱ्हस्व. ज्याच्या हातून घरी चार मराठी शब्द लिहून घेतले आहेत, ते मूल शेवटचा उकार दीर्घ करते, कारण ‘वाळू’ आणि ‘पाणी’ यांनी त्याला तेच शिकविले आहे. इंग्रजीत ‘व्हेरी’ हा शब्द ते ‘डब्ल्यू’ने सुरू करते, कारण त्याच्या कानाला ‘व’ एकच. या चुकांना निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. एका भाषेचा नियम दुसरीला प्रामाणिकपणे लावल्याने त्या झाल्या आहेत. त्यांत विचार आहे. हा विचार ओळखून ‘तुझ्या घरी असे लिहितात, येथे तसे’ इतके सांगणारा कोणी भेटला, तर पुष्कळ चुकांची मुळेच सापडतील.

संगणकाच्या पडद्यावर मात्र शब्दाखाली तांबडी रेघ उमटते, किंवा कर्कश आवाज होतो. मूल दुसरा पर्याय दाबते, मग तिसरा. हिरवा रंग दिसला की पुढचा शब्द. चार पर्यायांतून बरोबर रूप ओळखणे आणि कोऱ्या कागदावर ते स्वतः लिहिणे या दोन निराळ्या शक्ती आहेत. पहिलीची परीक्षा घेऊन दुसरी आल्याचे प्रमाणपत्र हे सॉफ्टवेअर देते. रोमन अक्षरे दाबून मराठी उमटविणाऱ्या कळफलकांनी तर कहरच केला आहे. ऱ्हस्व की दीर्घ हा निर्णय तेथे यंत्रच करून टाकते. ‘दूध’ दीर्घ, पण ‘दुधात’ ऱ्हस्व का, हा प्रश्न मुलाच्या मनात उठावयाचा तो उठतच नाही.

यंत्राचे गुण आम्ही नाकारीत नाही. ते थकत नाही, मारीत नाही, वर्गापुढे हसे करीत नाही. एकच शब्द पन्नास वेळा विचारील. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला हे साधणे कठीण. बडोद्याच्या महापालिका शाळांतून चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ देण्यात आले. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात गणिताचे गुण चांगलेच वाढलेले दिसले. भाषेचे वाढले नाहीत; पाठ गणिताचेच असल्याने त्याचा दोष यंत्राला देणे गैर होईल. परंतु त्याच अभ्यासात मुंबई व बडोदे येथील ‘बालसखी’ योजनाही तपासली होती. वस्तीतलीच शिकलेली तरुणी मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी घेऊन बसे. त्या मुलांचीही प्रगती झाली, आणि खर्च संगणकाच्या मानाने कित्येक पटींनी कमी आला.

बंगळूरचा स्वतःचा अनुभवही विसरण्याजोगा नाही. येथल्याच अझीम प्रेमजी फाउंडेशनने या शतकाच्या आरंभी सरकारी शाळांतून संगणकाधारित शिक्षणाचा फार मोठा प्रयोग केला. 2010 मध्ये त्या संस्थेचे एक प्रमुख अनुराग बेहार यांनी ‘मिंट’ या वृत्तपत्रात लेख लिहून अशा साधनांच्या मर्यादा मोकळेपणाने मांडल्या. मूळ प्रश्न शिक्षकाचा आहे, असाच त्याचा रोख होता. याच शहरात सोनाली नाग यांनी कन्नड वाचनावर केलेल्या अभ्यासातून दिसून आले की स्वरचिन्हे व जोडाक्षरे मिळून शेकड्यांनी असलेली अक्षरे आत्मसात करण्यास मुलांना चौथीपर्यंतची वर्षे लागतात. सव्वीस अक्षरांच्या इंग्रजीच्या मापाने बेतलेले सॉफ्टवेअर या मुलाला ‘मंद’ ठरवून मोकळे होणार, यात नवल ते काय?

तेव्हा आमचे म्हणणे स्पष्ट आहे. शाळेने सॉफ्टवेअर घ्यावे. परंतु मुलाने प्रथम लिहिलेले चुकीचे रूप जसेच्या तसे जपून ठेवणारे आणि शिक्षकाला दाखविणारे घ्यावे. केवळ गुण मोजून चूक पुसून टाकणारे घेऊ नये. सराव यंत्रावर व्हावा, लेखन वहीत व्हावे.

या मासिकाच्या वाचकांकडेही आमची मागणी आहे. कन्नड प्रदेशात आयुष्य गेलेली, दोन्ही भाषा लिहिता येणारी निवृत्त माणसे आमच्या मंडळांतून पुष्कळ आहेत. ‘केरे’ का चुकले हे त्यांना पाहताक्षणी कळेल. जगातल्या महागड्या सॉफ्टवेअरला ते कळेलच असे नाही. गणेशोत्सवाच्या वर्गणीइतकीच तळमळ शनिवारच्या दोन तासांविषयी दाखविली, तर मराठीचा अभिमान भाषणांबाहेरही कोठेतरी उपयोगी पडेल.

आणि देणगीदारांना एवढेच सांगणे की संगणकाच्या देणगीपत्रातच, मुलांपाशी बसणाऱ्या एका माणसाचे निदान दोन वर्षांचे वेतनही लिहून द्यावे. ते द्यावयाचे नसेल, तर संगणक आपल्या कचेरीतच ठेवावेत; तेथे हिशेबाच्या तरी कामी येतील.