विश्लेषण : ई-पीक पाहणीत आधी काय दुरुस्त करायचे?

मावळातील बेडसे गावात लेण्यांच्या डोंगराखाली भातखाचरे आहेत. तिथल्या शेतकऱ्याला सातबाऱ्यावर भाताची नोंद हवी असेल, तर खरिपाच्या ऐन दिवसांत शेतात उभे राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढावा लागतो. राज्यभर याच दिवसांत ‘सर्व्हर डाउन’च्या तक्रारी येतात आणि मुदतवाढ द्यावी लागते. माणसे आणि पैसा मर्यादित असताना अशा यंत्रणेत कोणती दुरुस्ती आधी करायची?

नोंद इतकी महत्त्वाची का?

सातबाऱ्यातील गाव नमुना 7 मालकी सांगतो, नमुना 12 पीक. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करत. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली आणि हे काम शेतकऱ्याच्या हाती आले. पीक विमा, हमीभावाने खरेदी, पीककर्ज, आपत्तीतील मदत यांसाठी ही नोंद पाहिली जाते. ती राहिली तर शेतात उभे असलेले भात कागदावर नसते.

देखभाल म्हणजे फक्त बिघाड काढणे?

नाही. देखभालीचे चार प्रकार मानले जातात : बिघाड काढणे, नवे फोन व नवे नियम यांच्याशी सॉफ्टवेअर जुळवणे, सोयी वाढवणे आणि पुढचा बिघाड टळावा म्हणून जुना भाग नीट करणे. माणसे कमी असली की चौथे काम मागे पडते, कारण त्याची तक्रार कोणीच करत नाही. त्याची किंमत गर्दीच्या दिवशी मोजावी लागते.

क्रम कसा लावायचा?

ज्याची ओरड मोठी त्याचे काम आधी, हा सोपा पण चुकीचा मार्ग. त्याऐवजी चार प्रश्न विचारावेत. माहिती हरवते किंवा चुकते का? मुदत किती जवळ आहे? किती जणांचे अडते? दुसरा मार्ग आहे का? भरलेली नोंद हरवत असेल तर ते काम सर्वांत आधी, कारण आपली नोंद झाली असे समजून शेतकरी घरी जातो. गटाचे स्थान चुकीचे दिसत असेल तर त्यानंतर. तिथे गावपातळीवरील सहायकामार्फत नोंदीचा मार्ग उरतो. स्क्रीनचे नवे रूप हंगाम संपल्यावर.

हंगामात नवे बदल टाळावेत का?

शक्यतो होय. 19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले, विमानसेवाही कोलमडल्या. म्हणून तातडीची दुरुस्तीही आधी एखाद्या तालुक्यात तपासून मग राज्यभर द्यावी. मोठी कामे आणि गर्दीची चाचणी खरिपापूर्वी, एप्रिल-मेमध्ये उरकावीत.

मुदतवाढ पुरेशी नाही का?

मुदतवाढीने तारीख पुढे जाते, बिघाड तिथेच राहतो. शिवाय पीक वाट पाहत नाही. कापणी झाल्यावर फोटो कशाचा काढणार? दर हंगामानंतर तक्रारी मोजून वरच्या क्रमाची कामे जाहीर केली, तर पुढच्या वर्षी त्यातले काय झाले हे बेडशातील शेतकऱ्यालाही विचारता येईल.